धर्माच्या गाईचे दात



आजचा विषय आहे देणगीत मिळालेल्या लढाऊ विमानांचा. मोरा बंदरावर बसून हा विषय परका वाटू नये. इथून लाँच भाऊच्या धक्क्याकडे निघाली की नौदलाची जहाजं दिसतात, आणि कुणीतरी हमखास विचारतं, ‘हे आपलं बनावटीचं की बाहेरचं?’ हा प्रश्न भाबडा नाही. आज आपण तोच जरा ताणून बघणार आहोत.

युक्रेनला विमानं मिळाली, अमुक देशाने तमुक देशाला विमानं दिली, अशा बातम्या गेली काही वर्षं आपण वाचतो. त्यावरच्या चर्चेत एक गृहीत नेहमी असतं : विमानं मिळाली म्हणजे ताकद मिळाली, आणि फुकट मिळाली तर उत्तमच. आपल्याकडे म्हणच आहे, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. घरगुती व्यवहारात हे शहाणपण आहे. संरक्षणाच्या व्यवहारात मात्र दात मोजलेच पाहिजेत, हे आमचं आजचं म्हणणं.

मोजायचे कसे? गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचं वर्गीकरण आहे. योग्य देश, योग्य काळ आणि योग्य पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीवर डोळा ठेवून दिलेलं ते राजस. ही कसोटी देणाऱ्यासाठी सांगितलेली आहे. आपण ती घेणाऱ्याच्या बाजूने लावू. देश म्हणजे धावपट्टी, हँगर, इंधन. काळ म्हणजे विमान लढाईच्या आधी येतं की नंतर. पात्र म्हणजे वैमानिक, आणि त्याहूनही जमिनीवरचा मेकॅनिक. उरली परतफेड. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ साली भेटवस्तूंवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याचं सार हेच की भेट कधी मोकळी येत नाही, ती घेणाऱ्याला बांधते. एका राष्ट्राने दुसऱ्याला दिलेलं शस्त्र तर राजसच असतं. त्यात गैर काही नाही. ते विसरणं गैर.

आता आपल्या मुंबईचाच दाखला घेऊ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी स्पिटफायर विमानांचे निधी निघाले. एका विमानाचा देणगीचा भाव ठरला पाच हजार पौंड. हा नाममात्र आकडा. खरा खर्च त्याहून जास्त होता. पैसे देणाऱ्याचं नाव विमानावर रंगवलं जाई. मोठ्या देणग्यांबद्दल अख्ख्या स्क्वाड्रनला नाव मिळे. १९४१ साली ब्रिटिश हवाई दलात उभ्या राहिलेल्या १२२ व्या स्क्वाड्रनला ‘बाँबे’, १३२ व्या स्क्वाड्रनला ‘सिटी ऑफ बाँबे’ आणि १२४ व्या स्क्वाड्रनला गायकवाडांच्या ‘बडोद्या’चं नाव आहे. भारतीय हवाई दलाच्या हाती स्पिटफायर आलं ते १९४४ साली! नाव आपलं, विमान त्यांचं. दान देणारासुद्धा पराधीन असला तर काय होतं, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

त्याच मुंबईच्या ‘बाँबे वॉर गिफ्ट्स फंडा’ने नोव्हेंबर १९४१ मध्ये पेशावरला भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला बारा लायसँडर विमानं दिली. लायसँडर हे लढाऊ विमान नव्हे. संथ, टेहळणीचं, पायदळाला मदत करणारं. १९४२ च्या फेब्रुवारीत ही तुकडी ब्रह्मदेशात तौंगूला गेली. स्क्वाड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार यांनी त्याच विमानांना बाँब अडकवून जपानी विमानतळांवर हल्ले केले. हे जमलं कसं? हरजिंदर सिंग यांच्यासारखे तंत्रज्ञ तुकडीत होते, जे हाताशी असेल त्यातून जुळणी करत. म्हणजे देणगी बेताची होती, पात्र मोठं होतं. ब्रह्मदेश त्याने वाचला नाही, हेही खरं. पण बारा संथ विमानं लढाईत उतरली ती फंडामुळे जेवढी, तेवढीच त्या हातांमुळे.

आणि त्याच सुमारास सोलापूरचे वालचंद हिराचंद काय करत होते? डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. १९४२ मध्ये ती सरकारकडे गेली. पुढे दोस्तांनी कानपूरला टाकून दिलेली, पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडलेली लिबरेटर विमानं याच कारखान्याने दुरुस्त केली, आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. तेव्हा कोणत्या देणगीने देशाला जास्त दिलं, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

हीच कसोटी युक्रेनला लावा. २०२३ मध्ये पोलंड आणि स्लोव्हाकियाने मिग-२९ दिली. युक्रेनचे वैमानिक आणि मेकॅनिक तेच विमान वर्षानुवर्षं हाताळत होते, म्हणून ती लगेच कामी आली. एफ-१६ देण्याचं डेन्मार्क आणि नेदरलँड्सने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलं. युक्रेनच्या आकाशात ती अधिकृतपणे दिसली ऑगस्ट २०२४ मध्ये. मधलं वर्ष गेलं भाषेत, प्रशिक्षणात, सुट्या भागांत. पुढे मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने काही दिवस गुप्तवार्ता देणं थांबवलं. विमान धावपट्टीवर तसंच उभं असतं, आणि तरीही अर्धं परत गेलेलं असतं!

कुणी म्हणेल, मग विकत घ्यावं. तिथेही दोरी असतेच. पाकिस्तानने पैसे मोजलेली एफ-१६ विमानं १९९० च्या अमेरिकी निर्बंधानंतर वाळवंटात अडकून पडली. आपली विक्रमादित्य घ्या. जहाजाचा सांगाडा रशियाने फुकट दिला, पैसे फक्त डागडुजीचे, असा २००४ चा करार. डागडुजीचा आकडा ९७ कोटी डॉलरवरून २३५ कोटींवर गेला. फुकटाचा दात हा असा उशिरा दिसतो.

देणारे आपण असतो तेव्हाही हे लक्षात ठेवावं. मालदीवला आपण दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्नियर विमान दिलं. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने आपले सैनिक परत पाठवले. मग त्यांच्याच संरक्षणमंत्र्यांनी कबूल केलं की ही यंत्रं चालवू शकतील असे वैमानिक आमच्या सैन्यात नाहीत. आपण वस्तू दिली, पात्र घडवायचं राहिलं.

यावर एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. शत्रू दारात असताना कारखाना उभा राहीपर्यंत कोण थांबणार? आम्हाला हे मान्य आहे. दान घ्यावं, संकोच न करता घ्यावं. पण ते काय देतं हे ओळखून घ्यावं. दान वेळ देतं. तो वेळ धावपट्ट्या, मेकॅनिक आणि स्वतःचे सुटे भाग यांवर खर्च झाला, तर ते दान धोरणाचा भाग झालं. नाहीतर पुढच्या दानाची वाट बघणं हेच धोरण होऊन बसतं.

आणि हे दुसऱ्यांना सांगून मोकळं होता येत नाही. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यातून तेजस मार्क-१ए उडालं. अभिमान वाटलाच. पण त्याचं इंजिन अमेरिकेहून येतं, आणि इंजिनं उशिरा आली म्हणून विमानं रखडली. आपल्या गोठ्यातल्या गाईचेही काही दात उसनेच आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी ‘इतकी विमानं मिळाली’ अशी बातमी वाचाल, तेव्हा आकडा शेवटी वाचा. आधी विचारा, ती दुरुस्त कोण करणार? सुटे भाग कुठून येणार? आणि देणाऱ्याने उद्या तोंड फिरवलं तर त्यातली किती उडतील? तिसऱ्या प्रश्नाचं जे उत्तर येईल, तेवढीच त्या देशाची विमानं.

इथेच थांबतो. आता प्रश्न तुमचे.