वस्तुमानाचे एकक आणि अध्याहृत भागाकार

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात पायलीचे किलो करावयाचे झाल्यास धान्य ज्वारी की बाजरी, हे प्रथम विचारावे लागते. कारण पायली हे आकारमानाचे माप आहे, वजनाचे नव्हे. पदार्थविज्ञानाच्या लेखनात मात्र ‘प्रोटॉनचे वस्तुमान ९३८.२७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट’ असे पुष्कळदा म्हटले जाते. वस्तुतः हे एकक ऊर्जेचे होय. प्रकाशवेगाच्या वर्गाने भागल्यावरच ते वस्तुमानाचे ठरते. प्रकाशवेग १ मानणाऱ्या तज्ज्ञाच्या लेखी हा अध्याहार क्षम्य आहे. किलोग्रॅम काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर मात्र त्यामुळे समूळ चुकते. पायलीचा गुणक धान्यागणिक बदलतो, म्हणून तो स्मरणात राहतो. हा गुणक सर्वत्र एकच, म्हणून तो विस्मरणात जातो. पाठ्यलेखकाने हे अध्याहृत पद निदान एकदा तरी उच्चारावे, हे उचित.