बुडालेले विमान आणि अर्धा राहिलेला धडा

महायुद्धकाळातील बुडालेले सरावाचे विमान तळ्यातून वर काढल्याची हकिगत वर्गात रंगते. अमेरिकेतील मिशिगन सरोवराचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथे 1942-43 मध्ये ‘वुल्व्हरिन’ व ‘सेबल’ या जुन्या आगबोटींवर धावपट्टी बांधून नौदलाचे वैमानिक विमान उतरविण्याचा सराव करू लागले. शंभराहून अधिक विमाने बुडाली. त्यांपैकी ‘डाँटलेस’ जातीचे 2106 क्रमांकाचे विमान मिडवेच्या लढाईतून परतलेले होते. ते जून 1943 मध्ये बुडाले, 1994 मध्ये वर आले आणि पेन्साकोलाच्या संग्रहालयात पोहोचले.

हकिगत चांगली आहे. आमची तक्रार ती सांगण्याच्या पद्धतीबद्दल आहे. ‘पिशव्यांत हवा भरली, विमान वर आले, आर्किमिडीजचा नियम सिद्ध झाला’ येथेच धडा संपतो.

एक घनमीटर हवा पाण्यात सुमारे एक टन भार पेलते, हे खरे. पण 50 मीटर खोलीवर दाब सहा वातावरणांइतका असतो, 10 मीटरवर दोन. म्हणजे वर येताना तीच हवा तिप्पट जागा मागते. जादा हवेला वाट नसेल तर पिशवी फाटेल किंवा विमान वेगाने उसळून मोडेल. बॉईलचा नियम वगळला, तर खरी अडचण विद्यार्थ्याला दिसतच नाही.

दुसरी उणीव रसायनाची. पन्नास वर्षे विमान टिकले कसे? ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. पाण्यातील क्लोराइड तो भेदते. शिवाय खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून पोलादी बोल्टाजवळचा ॲल्युमिनियमचा पत्रा लवकर झिजतो. मिशिगनचे पाणी गोडे व थंड असल्याने ही झीज मंद झाली. मात्र आता तेथे बाहेरून आलेल्या क्वागा शिंपल्यांचे थर बुडालेल्या विमानांवर चढत आहेत. त्यामुळे ‘तळाशी राहू द्यावे की वर काढावे’ हा प्रश्न खुलाच आहे. तोही विद्यार्थ्यांपुढे ठेवायला हवा.

अकोला-अमरावतीच्या शिक्षकांना यासाठी मिशिगनला जाण्याची गरज नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा दाराशी आहे. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांना तांब्याची तार गुंडाळावी. एक पट्टी खाऱ्या विहिरीच्या पाण्यात, दुसरी साठवलेल्या पावसाच्या पाण्यात ठेवावी. रोज पाहून नोंद करावी. महिन्याभराने दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून मगच विमानाची गोष्ट सांगावी.