कडा करप्याचा चौथा रकाना

पिकांच्या रोगांवरचा कोणताही धडा काढून पाहा. रोगाचे नाव, रोगकारक, लक्षणे आणि उपाय अशा चार रकान्यांचा तक्ता त्यात हमखास सापडतो. पाठ करायला सोपा, तपासायलाही सोपा. आमचा आक्षेप आहे तो त्यातल्या चौथ्या रकान्यावर. भातावरच्या कडा करप्याचे उदाहरण घेऊन तो मांडू.

हा रोग आपल्याला परका नाही. भारतातली त्याची पहिली नोंद १९५९ साली महाराष्ट्रातूनच प्रसिद्ध झाली. १९६३ साली बिहारमध्ये त्याची मोठी साथ आली. झांथोमोनास ओरायझी हा जिवाणू पानाच्या कडेच्या जलरंध्रांतून किंवा जखमांतून आत शिरतो आणि जलवाहिन्यांत वाढतो. म्हणून पान कडेकडून पिवळे पडून वाळत जाते. इथवरचे तीन रकाने बरोबर आहेत.

चौथ्यात बहुधा दोन वाक्ये असतात : 'प्रतिजैविकाची फवारणी करावी' आणि 'रोगप्रतिकारक जाती लावाव्यात'.

पहिला उपाय पाहू. स्ट्रेप्टोमायसीन व टेट्रासायक्लीन यांच्या मिश्रणाची शिफारस आपल्याकडे वर्षानुवर्षे होत आली. जिवाणू जलवाहिन्यांच्या आत, फवारा पानावर आणि दिवस पावसाचे! मग गुण येणार तो बेताचाच. शिवाय स्ट्रेप्टोमायसीन हे माणसाच्या क्षयरोगावरचेही औषध आहे. ते शेतात पडले की माती-पाण्यातल्या असंख्य जिवाणूंपैकी औषधाला दाद न देणारे तेवढे टिकतात आणि वाढतात. या दोन्ही औषधांचा शेतीतला वापर थांबवण्याचा मसुदा केंद्र सरकारने २०२१ च्या अखेरीस काढला, त्यामागे हीच काळजी होती.

दुसरा उपाय चांगला आहे, पण अपुरा सांगितला जातो. फिलिपीन्समध्ये १९७० च्या दशकात एक्सए-४ हे प्रतिकारक जनुक असलेल्या भातजाती सर्वदूर पसरल्या. काही वर्षांतच त्या जनुकाला न जुमानणारा जिवाणूचा प्रकार तिथे वरचढ झाला. भाताची जात तीच राहिली, जिवाणू बदलला. तक्त्यात मात्र 'प्रतिकारक' हा जणू कायमचा गुण असतो.

हैदराबादच्या दोन संशोधन संस्थांनी यातून वाट काढली. 'सांबा मसुरी' या लोकप्रिय जातीत त्यांनी संकर व निवडीने एक्सए-५, एक्सए-१३ आणि एक्सए-२१ ही तीन जनुके एकत्र आणली. 'सुधारित सांबा मसुरी' २००८ साली शेतकऱ्यांपर्यंत आली. यातले एक्सए-२१ आफ्रिकेतल्या रानभातातले. एक्सए-१३ ची गोष्ट आणखी मजेची. भाताचे साखर पेशीबाहेर सोडणारे एक जनुक आहे. जिवाणू त्याचा खटका दाबून आपली सोय करून घेतो. एक्सए-१३ मध्ये हा खटकाच बदललेला आहे. हा गुण अप्रभावी, म्हणजे दोन्ही पालकांकडून आला तरच दिसणारा. मेंडेल शिकवताना वाटाण्याच्या जोडीला हे उदाहरण घेता येईल.

तीन कुलपे एकदम उघडणारा जिवाणू विरळा, म्हणून ही जात अधिक टिकाऊ. पण अभेद्य नव्हे. जिवाणूचे काही प्रकार दुसऱ्याच साखर-जनुकाचा खटका दाबून एक्सए-१३ ला चुकवतात.

'शेतकऱ्याला उपाय हवा, उत्क्रांती कशाला?' असे कुणी विचारील. पण उत्क्रांती समजली तरच उपाय टिकवता येतो. सगळीकडे एकच जात न लावणे, नत्रखत बेताने व हप्त्याने देणे, लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे न कापणे, रोगट खाचराचे पाणी दुसऱ्यात न सोडणे, ही साधी कामे रोगाचा जोर कमी करतात. जिवाणूंची संख्या कमी राहिली, की बदललेला जिवाणू निपजण्याची शक्यताही घटते.

आमची सूचना छोटी आहे. तक्त्यात पाचवा रकाना घाला : 'हा उपाय किती काळ चालेल, आणि का?' भाताच्या गावात शाळा असेल तर करप्याचे ताजे पान कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरा. कापल्या कडेतून दुधी धार उतरताना दिसेल. त्या धारेत अगणित जिवाणू असतात. ते सगळे एकसारखे असतील का, एवढे मुलांना विचारा. पाचवा रकाना तिथूनच भरायला लागेल.