रंग जरा वेगळा हवा होता

साडीच्या दुकानात गादीवर टेकलेलं गिऱ्हाईक आणि समोर साड्या उलगडणारा सेल्समन यांच्यात तासाभरात जे घडतं, तो मला आपल्या रोजच्या आयुष्यातला एक अतिशय देखणा व्यवहार वाटतो. पुण्याचा लक्ष्मी रस्ता, दादरचं हिंदमाता, कोल्हापूरचा महाद्वार रोड, नागपूरची सीताबर्डी, येवल्यातली पैठणीची दुकानं. कुठेही जा, त्याची चाल थोड्याफार फरकाने तीच असते. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही. मुली ती आईच्या शेजारी बसून उचलतात आणि दुकानात नव्याने लागलेली पोरं जुन्या माणसाच्या हाताखाली घड्या घालता घालता शिकतात. तिच्यातल्या एकेका जागेपाशी थांबून पाहिलं, की ध्यानात येतं, ही सगळी रीत एका अवघड कामासाठी घडली आहे. समोरच्याचा मान राखून त्याला नाही म्हणता यावं, हे ते काम.

सुरुवात संबोधनाने होते. चपला काढून आत आलेल्या बाईला काय म्हणायचं, हे सेल्समनला क्षणात ठरवावं लागतं. नवऱ्याबरोबर आली असेल तर ‘वहिनी’, एकटी किंवा मैत्रिणींबरोबर असेल तर ‘ताई’, पिकल्या केसांची असेल तर ‘मावशी’ किंवा ‘आई’. ‘काकू’ म्हणायला मात्र मुरलेला माणूस बिचकतो; वय चुकलं तर पुढचा सगळा तास आंबट होतो, म्हणून तो ‘ताई’वरच दीर्घकाळ थांबतो. पलीकडूनही ‘दादा’, ‘भाऊ’, ‘काका’ असं उत्तर येतं. एकमेकांची नावं ठाऊक नसतात, पण नातं ठरून जातं. ‘दादा, ती वरची काढता का?’ असं विचारणाऱ्या बाईला पुढे त्या माणसावर खेकसणं जड जातं. ‘ए, ती काढ’ म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्याच वाक्यात या नात्यातून बाहेर पडतं. साडी त्यालाही मिळते. कपाटाच्या मागच्या खणातली, मन लावून शोधून काढलेली साडी मात्र बहुधा मिळत नाही.

मग पहिला प्रश्न: ‘स्वतःला हवीय, की द्यायची आहे?’ किती खोल समज आहे या साध्या प्रश्नात! आहेराच्या साडीचा हिशोब वेगळा, मुलीच्या साखरपुड्याचा वेगळा, रोज ऑफिसला नेसायच्या साडीचा वेगळा. प्रसंग कळला की पैशांचा अंदाज आपोआप येतो. खिशाबद्दल थेट विचारावं लागत नाही. विचारायचंच झालं तर ‘साधारण कितीपर्यंतच्या दाखवू?’ असं विचारलं जातं. आकडा सांगण्याचं ओझं त्याने हलकं होतं. बाईंनी तीन हजार सांगितले, तर जाणता सेल्समन सुरुवात अडीचपासून करतो. पहिलाच गठ्ठा पाच हजारांचा काढणं हा असभ्यपणा, आणि पाचशेचा काढणं हा त्याहून मोठा.

आता दाखवणं. सहावारी म्हणजे साधारण साडेपाच मीटर कापड, नऊवारी म्हणजे सव्वाआठ. एवढं लांबलचक वस्त्र एका झटक्यात असं पसरायचं की पदर बरोबर गिऱ्हाइकाच्या पुढ्यात यावा, काठ दिसावा, अंगाचा पोत दिसावा आणि घडी पार विसकटू नये. ही हातातली विद्या आहे. प्रत्येक साडीचं दाखवणंही निराळं. इरकल असेल तर टोपपदराचा लालपांढरा भाग आधी पुढे येतो. पैठणी असेल तर पदर दाखवून झाल्यावर तो उलटून दाखवला जातो, कारण हातमागावरच्या अस्सल पैठणीच्या पदरावरची नक्षी मागूनही तशीच दिसते. मोर आणि मुनिया पुढूनही नीट, मागूनही नीट. ही उलटी बाजू न मागता दाखवण्यात मोठं सौजन्य आहे. ‘खरी आहे कशावरून?’ असं विचारण्याचा संकोच तो गिऱ्हाइकावर येऊच देत नाही.

या भागातली सर्वात सुंदर जागा म्हणजे सेल्समनने साडी स्वतःला लावून दाखवणं. शर्टपँटमधला, मिशा असलेला पन्नाशीचा पुरुष चार निऱ्या कमरपट्ट्याशी खोचतो, पदर डाव्या खांद्यावर टाकतो आणि आरशाकडे न बघता गिऱ्हाइकाकडे बघत उभा राहतो. समोर बसलेल्या आजीपासून नातीपर्यंत कुणीही हसत नाही. त्याच्या अंगावर त्या क्षणी फक्त साडी पाहायची असते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. बाईंना लावून बघायची असेल, तर तो पदर त्यांच्या खांद्यावर स्वतः टाकत नाही. बरोबर आलेल्या बहिणीच्या, जावेच्या हातात देतो आणि हातभर मागे सरकतो. अंतराची ही जाण त्याला कुठल्या प्रशिक्षण वर्गात मिळालेली नसते.

‘रंग उजेडात बघून घ्या’ हेही असंच. ट्यूबलाइटखाली जांभळा वाटणारा रंग उन्हात वांगी निघतो, हे दोघांनाही माहीत असतं. बाई हजारोंचा माल हातात घेऊन दुकानाच्या दारापर्यंत, कधी पायरीवरही जातात. त्यांच्यामागे कुणी पाळतीवर जात नाही. गेलाच एखादा पोरगा, तर साडीचं दुसरं टोक जमिनीला लागू नये म्हणून धरायला जातो.

आणि आता ज्या एका वाक्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते वाक्य. गठ्ठ्यातल्या एका साडीवर बाईंची नजर ठरलेली असते. बोटं काठावरून फिरत असतात. मग हळूच पदराच्या कोपऱ्यावरची चिठ्ठी उलटली जाते, आकडा दिसतो, आणि क्षणभराने त्या म्हणतात, ‘छान आहे, पण रंग जरा वेगळा हवा होता.’

रंगाला काहीच झालेलं नसतं. सेल्समनने चिठ्ठी उलटणारं बोट पाहिलेलं असतं. तरी तो ‘यात सवलत देतो’ असं लगेच म्हणत नाही, कारण तसं म्हटलं की अडचण रंगाची नव्हती हे उघड्यावर येईल. तो म्हणतो, ‘थांबा, वेगळं दाखवतो,’ आणि आतून एक साडी काढतो. आश्चर्य म्हणजे तिचा रंग जवळजवळ तोच असतो! फरक किमतीत असतो. बाई म्हणतात, ‘हां, हा रंग बरा आहे.’ महागडी साडी तोवर त्याने बोलता बोलता बाजूला सरकवलेली असते, दिसणार नाही अशी.

या तीन वाक्यांच्या संवादात दोघांपैकी कुणीही खरं बोललेलं नाही आणि कुणीही कुणाला फसवलेलं नाही. नवऱ्यासमोर, सासूसमोर, शेजारच्या अनोळखी बायकांसमोर ‘परवडत नाही’ हे शब्द एका बाईला उच्चारावे लागले नाहीत. आणि विकणाऱ्याला ‘तुमचा माल महाग आहे’ हे ऐकावं लागलं नाही. दोघांच्याही मनात खरी गोष्ट पक्की असताना त्यांनी ती मिळून झाकली. इतकी तरल समजूत दोन अनोळखी माणसांत, ट्यूबलाइटच्या उजेडात, शंभर माणसांच्या गलबल्यात रोज होते, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. याच जागी ‘ते तुमच्या बजेटमध्ये नाही बसणार’ असं तोंडावर फेकणारा सेल्समन खरंच बोलत असतो, पण त्या खऱ्याने त्या बाईला पुन्हा पायरी चढावीशी वाटत नाही.

हीच कला लग्नाच्या बस्त्यात पणाला लागते. गादीवर वधूपक्ष, वरपक्ष, दोन्हीकडच्या आत्या, मावश्या, आणि मधोमध शालू. पैसे एका बाजूचे, पसंती दुसऱ्या बाजूची. भाव कुणाकडे बघून सांगायचा, नवरीची आई गप्प झाली तर शालूचा ढीग कुठे थांबवायचा, ‘मुलाकडच्यांनी हलकं घेतलं’ असं पुढे कुणी म्हणू नये म्हणून मानपानाच्या साड्या सारख्या दिसणाऱ्या कशा निवडायच्या, हे सगळं तो माणूस साड्या उलगडता उलगडता सांभाळतो. पुढे दोन्ही घरांत गोडीने राहिलं जावं, याला त्याचाही हातभार लागलेला असतो.

भावाची बोलाचाली आता पुष्कळ दुकानांत उरलेली नाही. ‘एकच भाव’ ही पाटी भिंतीवर असते आणि तिचाही एक मान आहे. तिथे घासाघीस करणं म्हणजे काउंटरवरच्या नोकराला त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी ताटकळवणं. जिथे घासाघीस चालते तिथे तिचेही नियम आहेत. घ्यायचं मनात नसताना भाव पाडू नये. मागितलेल्या भावाला दुकानदार तयार झाला तर मागे फिरू नये. सकाळच्या भवानीच्या वेळेला फार ताणू नये. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की दुकानदाराला हुरहुर लागते, हे जाणून जुन्या बायका सकाळी निदान ब्लाउजपीस तरी घेऊन निघायच्या.

गिऱ्हाइकाच्या वाट्याचं सौजन्य मात्र मुख्यतः नकारात असतं, आणि ते आपण फार लवकर विसरतो. पंधरा साड्या मोडून ‘बघते, येते’ म्हणत उठून गेल्यावर त्या पंधराच्या पंधरा साड्या कुणीतरी काठाला काठ लावून, पदर वर घेऊन, मूळच्या रेषेवर घडी करतो. दोघा जणांनी दोन टोकं धरून करायचं काम आहे ते. म्हणून नको असलेली साडी चौथ्या मिनिटाला ‘ही नको’ म्हणून बाजूला सारणं ही मदत असते. ढीग वाढत नाही आणि त्यालाही कळतं, कुठल्या वाटेने शोधायचं. मेंदीचा, तेलाचा हात रेशमाला लावू नये. पदरावर पिन लावून बघू नये. मोबाइलवर बोलत बोलत बोटाने साड्या दाखवू नयेत. साडीचा फोटो काढायचा असेल तर विचारून काढावा; घरच्यांना दाखवायला असेल तर कुणी नाही म्हणत नाही, पण त्याच फोटोवरून तिथल्या तिथे ऑनलाइन भाव शोधणं हे समोरच्या माणसाच्या श्रमांचा अपमान करणं आहे. आणि काहीच घेतलं नाही तरी उठताना ‘दादा, खूप दाखवलंत, त्रास दिला’ एवढं म्हणावं. त्यावर ‘त्रास कसला ताई, आमचं कामच आहे, पुन्हा या’ हे उत्तर ठरलेलं आहे. ठरलेलं असलं तरी पोकळ नाही. त्या दोन वाक्यांनी तासाभराची मेहनत मोजली गेलेली असते.

या सगळ्या रीतीचा पाया म्हणजे ती गादी. तिच्यावर विकणारा आणि घेणारा दोघंही बसलेले असतात, नजरेला नजर एका उंचीवर. दुकानं मोठी झाली, काउंटर आले, मजले चढले, आणि गिऱ्हाइकासाठी खुर्ची राहिली, पण दाखवणाऱ्याची बैठक गेली. दिवसभर उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी भिंतीला टेकायचं नाही, हा नियम अनेक ठिकाणी शिस्त म्हणून लागू झाला. केरळात कोझिकोडच्या मिठाई थेरुवु या बाजारपेठेतून पी. विजी आणि त्यांच्या ‘पेनकूट्टु’ या संघटनेने दुकानांतल्या स्त्री कामगारांसाठी आवाज उठवला. बसायला मिळावं, ही त्यांची मागणी होती. २०१८ साली केरळने दुकानांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसण्याची सोय बंधनकारक केली. २०२१ साली तमिळनाडूनेही तसा कायदा केला. त्याच तमिळनाडूत, चेन्नईच्या रंगनाथन स्ट्रीटवरच्या कापडदुकानातल्या कामगारांचं जगणं २०१० साली ‘अंगाडी तेरू’ या वसंतबालन यांच्या चित्रपटाने मांडलं होतं. बसण्याचा हक्क मागावा लागतो, याचा अर्थ गादीवरचं ते बरोबरीचं नातं आपल्या हातून निसटलं आहे.

म्हणून या रीतीचं कौतुक करताना मला तिची काळजीही वाटते. पाय दुखत असलेल्या माणसाने हसून ‘अजून दाखवतो’ म्हणावं, ही अपेक्षा सौजन्याची नाही. लग्नसराईत किंवा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रात्री नऊ वाजता दुकानात शिरून सगळे गठ्ठे उतरवायला लावणं आपण टाळू शकतो. गिऱ्हाईक नसताना काउंटरमागची मुलगी स्टुलावर बसलेली दिसली, तर तिने दचकून उठू नये म्हणून ‘बसा, मी बघतेय’ म्हणू शकतो. तिच्या मालकाला बिल देताना ‘यांनी फार छान दाखवलं’ असं तिच्यादेखत सांगू शकतो. या गोष्टींना पैसा लागत नाही आणि वेळही लागत नाही.

परवडत नाही हे न बोलताच ओळखून त्या माणसाने आपला मान राखलेला असतो. तो दमला आहे हे आपणही न सांगता ओळखावं. खुर्ची कायदा देऊ शकेल. तिच्यावर निवांत बसता येईल असं गिऱ्हाईक होणं आपल्याकडे आहे.