मत बनते कोठे?

सामान्य माणसास स्वतःचे राजकीय मत असते काय, हा प्रश्न वकिलीच्या व्यवसायात आम्हांस नित्य पडतो. पक्षकार आमच्यासमोर ‘आपण म्हणाल तसे’ म्हणतो, आणि कचेरीबाहेर पिंपळाच्या पारावर न्यायाधीशासकट सर्वांची झडती घेतो. महादेव देसाई यांचा १९२९ साली प्रसिद्ध झालेला ‘द स्टोरी ऑफ बारडोली’ हा इंग्रजी ग्रंथ नुकताच पुन्हा वाचला, तेव्हा हाच प्रश्न मनाशी होता.

वाचन झाले ते तापीकाठच्या कामरेज गावी. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरवर्णनातील कम्मोनी ते हेच, असे अभ्यासक मानतात. तेव्हा रोमची आठवण होणे साहजिक होते. रोमच्या प्रजासत्ताकात नागरिकास मत होते, पण मतांचे वजन सारखे नव्हते. थोर अधिकारी निवडणाऱ्या सभेत १९३ गट असत. धनिकांचे गट प्रथम मत देत आणि बहुमत होताच मतदान थांबे. गरिबाची पाळी पुष्कळदा येतच नसे. चर्चेच्या सभा अधिकाऱ्यानेच बोलवायच्या, इतरांनी ऐकायचे. तरीही इ. स. पू. ५९ मध्ये अपोलो देवाच्या उत्सवातील नाटकात एक ओळ पाँपीस लागू पडते असे दिसताच प्रेक्षकांनी ती नटाकडून पुनःपुन्हा म्हणवून घेतली. सभेत जे बोलता येत नव्हते, ते देवाच्या उत्सवात बोलले गेले.

देसाईंच्या ग्रंथाचा मोठा गुण असा, की मत कोणत्या साधनांनी घडले हे तो उघड करून दाखवितो. सरकारने शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढविला. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी बारडोलीत सारा न भरण्याचा ठराव झाला. पुढे गावोगावच्या छावण्या, नित्य निघणारी पत्रिका, वल्लभभाईंची शेतकऱ्याच्याच भाषेतील भाषणे, भजने आणि ईश्वरसाक्ष प्रतिज्ञा यांनी तो ठराव घरोघर पोहोचविला. हा केवळ भावनेचा उमाळा नव्हता. ब्रूमफील्ड व मॅक्सवेल यांच्या चौकशीने वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आणली. म्हणजे शेतकऱ्याचा हिशेबही सरकारच्या हिशेबाहून सरस ठरला.

परंतु ग्रंथात एक उणीव आहे. बोलणारा पानोपानी भेटतो, ऐकणारा क्वचितच. त्यातही पाटीदारांच्या शेतांवर हाळी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या दुबळ्यांचे स्वतःचे मत काय होते, हे आम्हांस ग्रंथातून उमगले नाही. रोमच्या शेवटच्या गटाप्रमाणे त्यांचीही पाळी आली नाही.

कामरेज तेव्हा गायकवाडी मुलूख. वडोदे संस्थानाने १९०६ साली राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि पुढे गावोगाव ग्रंथालये उघडली. हे कार्य थोरच. पण शिक्षणाचा असा पाठिंबा नसतानाही शेजारच्या ब्रिटिश तालुक्यात लोकमत उभे राहिले. तेथे साऱ्याची झळ होती हे खरे. तरी आम्हांस वाटते, वाचनाने मनुष्य माहीतगार होतो. मत पक्के होते ते चारचौघांत, शेजाऱ्याच्या तोंडावर उच्चारल्यानंतर. बारडोलीच्या प्रतिज्ञेने हेच साधले.

देवळाशी बांधलेल्या आपल्या समाजास हे परके वाटू नये. आपल्या वार्षिक सभांत महाजन बोलतात, बाकीचे माना डोलावतात, आणि खरी चर्चा सभा उठल्यावर पायऱ्यांवर चपला शोधताना होते. त्या चर्चेत हिशेबाच्या शंका असतात, दुखावलेली मने असतात, कधी उत्तम सूचनाही असतात. पण इतिवृत्तात त्यांतील एक अक्षर उतरत नाही. मग वाद चिघळला की मंडळी आमच्याकडे कागद घेऊन येतात. येत्या सभेत अध्यक्षांनी मागच्या रांगेत बसणाऱ्यांस, झाडलोट करणाऱ्या सेवेकऱ्यांसही, प्रथम बोलावयास सांगावे. आमच्याकडचे काम कमी होईल. त्याची आम्हांस खंत नाही.