‘द क्रूसिबल’मधील सामूहिक उन्माद आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

प्रास्ताविक

आर्थर मिलर यांचे ‘द क्रूसिबल’ हे चार अंकी नाटक २२ जानेवारी १९५३ रोजी न्यूयॉर्क येथे प्रथम रंगभूमीवर आले. १६९२ साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील सेलम येथे चेटकाच्या आरोपावरून चाललेले खटले हा या नाटकाचा विषय होय. त्या खटल्यांत १९ जणांना फाशी देण्यात आली, तर आरोपाला उत्तर देण्यास नकार देणाऱ्या वृद्ध जाइल्स कोरीचा अंगावर दगड रचून प्राण घेण्यात आला. नाटक लिहिले गेले तेव्हा अमेरिकेत साम्यवाद्यांचा शोध घेणाऱ्या चौकशी समित्यांचे सत्र चालू होते. त्यामुळे या नाटकाचे वाचन प्रायः राजकीय रूपक म्हणून झाले आहे.

नाटकातील उन्मादास दोषी कोण, या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले, सूडाने पेटलेली ॲबिगेल विल्यम्स. दुसरे, धर्मभयाने ग्रासलेला संपूर्ण समाज. पहिले उत्तर अपुरे आहे, तर दुसरे कोणालाच उत्तरदायी ठरवीत नाही. दोषाचे मोजमाप दोन कसोट्यांवर व्हावे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन केले आहे. पात्राला सत्य कितपत ज्ञात होते आणि अनर्थ थांबविण्याचे सामर्थ्य त्याच्याकडे कितपत होते, या त्या कसोट्या होत.

आरोपाचा उगम

ॲबिगेलचा अपराध नाकारता येत नाही. एलिझाबेथ प्रॉक्टरचा मृत्यू तिला हवा आहे आणि इतर मुलींना ती धाक दाखवून गप्प ठेवते. तथापि, पहिल्या अंकातील घटनाक्रम बारकाईने पाहणे अगत्याचे आहे. गुलाम असलेल्या टिट्युबाला रेव्हरंड पॅरिस चाबकाने मारून टाकण्याची, तर थॉमस पुटनम फाशी देण्याची धमकी देतो. कबुलीखेरीज सुटका नाही हे उमगताच ती कबुली देते. त्यानंतर सैतानाच्या संगतीत कोणाला पाहिलेस, असा प्रश्न येतो, आणि सेरा गुड व ऑस्बर्न ही नावे प्रथम उच्चारतो तो पुटनमच. टिट्युबा त्यांचा केवळ पुनरुच्चार करते. ॲबिगेलचा स्वर या सर्वांनंतर उमटतो. म्हणजेच आरोपाचा साचा प्रौढ, प्रतिष्ठित पुरुषांनी आधीच तयार केलेला आहे. मुली त्यात नावे ओततात.

येथे मिलर यांच्या एका बदलाची नोंद घ्यावी लागते. इतिहासातील ॲबिगेल सुमारे अकरा-बारा वर्षांची होती आणि जॉन प्रॉक्टर साठीच्या घरात होता. मिलर यांनी तिचे वय वाढविले, त्याचे कमी केले आणि दोघांत अनैतिक संबंध कल्पिला. नाट्यदृष्ट्या हा बदल प्रभावी असला तरी त्यामुळे एका तरुणीची वासना हेच अनर्थाचे मूळ, असा समज दृढ होतो. संहितेचा तपशील मात्र या समजाला पूर्णतः पाठिंबा देत नाही.

मौनाचा वाटा

चेटूक वगैरे काही नसून रानातल्या नाचाचा प्रसंग उघडकीस आल्याने मुली घाबरल्या, हे खुद्द ॲबिगेलच्या तोंडून प्रॉक्टरला पहिल्याच अंकात कळते. दुसऱ्या अंकात आठ दिवस लोटले आहेत, चौदा जण तुरुंगात आहेत आणि पत्नी आग्रह धरीत असूनही तो न्यायालयात जाण्यास कचरतो. मेरी वॉरन परतते तेव्हा हा आकडा एकोणचाळीसवर गेलेला असतो. स्वतःचे पाप उघड होण्याची भीती या विलंबाच्या मुळाशी आहे. नायकालाही मिलर दोषमुक्त ठेवीत नाहीत, हे या नाटकाचे बलस्थान होय. रेव्हरंड हेल आपल्या ग्रंथज्ञानाच्या अभिमानाने या यंत्रणेला प्रारंभी अधिष्ठान देतो. परंतु सत्य उमगल्यावर तो न्यायालयाचा त्याग करतो आणि आपल्या माथी रक्त असल्याचे मान्य करतो.

न्यायपीठाचे उत्तरदायित्व

दोन्ही कसोट्या सर्वाधिक लागू होतात त्या उपगव्हर्नर डॅनफोर्थला. चेटूक हा अदृश्य गुन्हा असल्याने चेटकीण आणि तिचा बळी यांखेरीज साक्षीदार असू शकत नाही, आणि चेटकीण स्वतःविरुद्ध बोलणार नाही, म्हणून बळीचा शब्द हाच पुरावा, असा त्याचा युक्तिवाद आहे. या तर्कात आरोपीने निर्दोषत्व सिद्ध करण्याला जागाच उरत नाही. फ्रान्सिस नर्स ९१ जणांच्या सह्यांचे निवेदन आणतो, तेव्हा सही करणाऱ्यांनाच चौकशीसाठी बोलावण्याचा हुकूम निघतो. पुटनम जमिनीच्या लोभाने आपल्या मुलीकरवी आरोप करवितो, असे सांगणाऱ्या जाइल्स कोरीला माहिती देणाऱ्याचे नाव विचारले जाते आणि ते न सांगितल्याबद्दल अटक होते. पुढे १९५६ साली मिलर यांनाही प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे नावे सांगण्यास नकार द्यावा लागला. १९५७ मध्ये त्यांना दोषी ठरविण्यात आले आणि १९५८ मध्ये तो निर्णय रद्द झाला.

चौथा अंक या संदर्भात निर्णायक ठरतो. ॲबिगेल पैसे चोरून पळाली आहे, हे डॅनफोर्थला कळलेले आहे. शिक्षा लांबणीवर टाकण्याची विनंती होते. तो ती फेटाळतो, कारण याच आरोपावरून बाराजणांना फाशी दिली गेली आहे आणि आता माघार घेतल्यास त्या फाशींविषयीच शंका निर्माण होईल. हा उन्माद नव्हे. ही शांत डोक्याने केलेली हिशेबी निवड आहे; पूर्वीची चूक झाकण्यासाठी नवे बळी घेतले जात आहेत. आरडाओरडा करणाऱ्या मुली रंगमंचावरून गेल्यानंतरही फाशीचे काम चालू राहते, यातच दोषाचे स्थान स्पष्ट होते.

समारोप

खुद्द इतिहासातही उत्तरदायित्वाच्या दोन तऱ्हा दिसतात. १६९७ साली न्यायाधीश सॅम्युअल स्यूअल चर्चमध्ये सर्वांसमक्ष उभे राहिले आणि त्यांचा दोषस्वीकार वाचून दाखविण्यात आला. १७०६ साली ॲन पुटनम या आरोपकर्तीने क्षमा मागितली. मात्र आपण सैतानाच्या भुलीला बळी पडलो, असे तिने म्हटले. लहान वयात वडीलधाऱ्यांच्या छायेत बोललेल्या मुलीने असे म्हणणे समजू शकते. पण आज समीक्षेत आपण ‘उन्माद’ हा शब्द ज्या सैलपणे वापरतो, तो नेमके सैतानाचेच काम करतो. कृत्य शिल्लक राहते, कर्ता नाहीसा होतो. सर्वच दोषी असे म्हटले की सही करणाऱ्याचा हात झाकला जातो. हे नाटक विद्यार्थ्यांपुढे मांडताना भय कसे पसरले, या प्रश्नाबरोबरच ते खोटे असल्याचे कळल्यावरही कोणी आपला हुकूम मागे घेतला नाही, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. नाटकाचे नैतिक केंद्र तेथे आहे.