रॉबिन, टर्की आणि पानिपत

मराठीत विज्ञानाच्या भाषांतराचा विषय निघाला की चर्चा परिभाषेवर येऊन थांबते. कोश झाले, प्रतिशब्दांवरून वाद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण सामान्य वाचक अडतो तो बहुधा लेखकाने दिलेल्या दाखल्यापाशी, आणि दाखल्यांकडे आपले अनुवादक व संपादक अजून पुरेसं लक्ष देत नाहीत.

रेचल कार्सन यांच्या १९६२च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मधला रॉबिन घ्या. मिशिगनमधल्या विद्यापीठाच्या आवारात एल्म वृक्षांवर डीडीटी फवारलं गेलं. गळलेली पानं गांडुळांनी खाल्ली आणि वसंतात परतलेल्या रॉबिनांनी ती गांडुळं खाल्ली. मोठी ११ गांडुळं एका पक्ष्याचा जीव घ्यायला पुरत. अमेरिकेत हिवाळा सरल्याची वर्दी हा पक्षी देतो, म्हणून त्याचं नाहीसं होणं तिथल्या वाचकाच्या जिव्हारी लागलं. मराठी अनुवादकाला इथे कोकीळ आणायचा मोह होईल. पण कोकीळ मुख्यतः फळं खातो. गांडुळांची कडी तुटली की कार्सन यांचा पुरावाच कोसळतो. ‘चीरक’ लिहिणंही चूक. त्याला इंग्रजीत इंडियन रॉबिन म्हणतात खरं, पण अमेरिकेतला रॉबिन कस्तुराच्या गोतातला, निराळाच पक्षी. तेव्हा रॉबिनच ठेवावा, आणि त्याच्या येण्याने तिथल्या माणसांना काय वाटतं हे मजकुरातच एका वाक्यात सांगावं. ते तळटीपेत ढकललं की माहिती पोचते, हळहळ पोचत नाही.

नसीम निकोलस तालेब यांची थँक्सगिव्हिंगची टर्की मात्र खुशाल बदलावी. रोज खायला मिळतं म्हणून उद्याही मिळेल असं धरून चालणारा जीव एक दिवस कापला जातो, एवढाच तिथला तर्क. जत्रेसाठी पोसलेला बोकड तो चोख पेलतो.

स्टीफन हॉकिंग यांच्या पुस्तकाच्या आरंभी, पृथ्वी कासवाच्या पाठीवर आहे असं ठणकावणारी म्हातारी भेटते. त्या कासवाखाली काय, तर पुन्हा कासवंच. इथे मराठीत कूर्मावतार किंवा शेषनाग आणला की परिच्छेदाचा सूर श्रद्धेकडे झुकतो आणि ‘आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं’ या दाव्याला दार उघडतं. खरं तर १७व्या शतकातच जॉन लॉक यांनी हत्ती आणि कासवाचा असा दाखला एका भारतीयाच्या तोंडी घातला होता. अनुवादकाने हा प्रवास प्रस्तावनेत सांगावा आणि कासव कासवच राहू द्यावं.

मराठीतून बाहेर जातानाही हीच अडचण येते. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत १७६१च्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागत नाही, कानाजवळून निघून जाते, आणि इतिहास वेगळा घडतो. जरासा फरक केवढी उलथापालथ करतो हे कॅटास्ट्रॉफी सिद्धांताच्या आधाराने पटवायचं, तर खरी गोळी वाचकाला आधीच लागलेली असावी लागते. मराठी वाचकाला ती लागलेलीच असते. हीच कथा ‘द ॲडव्हेंचर’ म्हणून एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात गेली, तीही संक्षिप्त होऊन. आसाम-केरळातल्या मुलाला लढाईचा निकाल कळेल, पण त्या पराभवाचं ओझं कसं कळणार? त्यासाठी पानिपतानंतर इथल्या घराघरांत काय झालं, याच्या चार ओळी हव्यात. संक्षेप करताना कात्री आधी अशाच ओळींवर चालते, कारण त्यांत विज्ञान दिसत नाही.